कूलर काढला ती दुपार

१२ मे, सकाळी सव्वानऊ

मंगळवार, ९ मे, दुपारी दोन वाजून चाळीस मिनिटं. त्या मिनिटाला मी पेन्शन कार्यालयात चार नंबरच्या खिडकीसमोर उभी राहून मी अजून जिवंत असल्याचं सिद्ध करत होते. त्याच मिनिटाला तू पाठवलेली दोन माणसं आमच्या झोपायच्या खोलीच्या खिडकीतून कूलर उपटत होती. वेळ समोरच्या शिंप्याने सांगितली. तो गिऱ्हाइकाला कपडे वेळेवर देत नसला तरी घड्याळ बरोबर लावतो.

मायना मुद्दाम घातलेला नाही. आज तुला 'प्रिय' लिहिणं खोटं ठरेल, आणि एकतीस वर्षं हवामान केंद्रात नोंदी केलेल्या बाईने खोटं लिहू नये.

मी मंगळवारी घरी नसणार हे रविवारी फोनवर मीच तुला सांगितलं होतं. तू विचारलंस, किती वेळ लागेल. मला वाटलं, माझ्या गुडघ्यांच्या काळजीने विचारतेयस. मी भाबडेपणाने सांगितलं, तीन तास. तू दातांची डॉक्टर. माणसाला आधी बधिर करायचं आणि मग काय ते उपटायचं, ही तुझी रोजची पद्धत. पण माझ्या तोंडात तू हात घालशील असं वाटलं नव्हतं.

घराची एक किल्ली शिंप्याकडे असते. त्याने दार उघडलं, कारण त्या माणसांजवळ तुझ्या नावाचा कागद होता, आणि तुझ्या बाबांनी मान हलवली. तू काल फोनवर तेच सांगत होतीस, बाबांना विचारलं होतं, ते हो म्हणाले. अर्धांगाचा झटका आल्यापासून तुझे बाबा सगळ्यालाच हो म्हणतात. चहा हवा का, मान हलते. चहा नकोय ना, तरी हलते. त्यांना विचारायची एक रीत आहे आणि ती मी तुला दोनदा समजावली आहे. दोन गोष्टी समोर ठेवायच्या आणि त्यांच्या उजव्या हाताकडे बघायचं. बोट जिकडे जाईल ते त्यांना हवं. तुझ्या माणसांनी त्यांच्यासमोर एकच गोष्ट ठेवली, ती खोक्यात होती, आणि त्यांच्या हाताकडे बघायला कुणाला वेळ नव्हता.

मी घरी आले तेव्हा खिडकीच्या जागी प्लायवूड होतं. कडेने पांढरा फोम भरलेला, अकरा स्क्रू. कूलर मागच्या अंगणात उन्हात उताणा, त्याच्या टाकीतलं पाणी माझ्या तुळतुळीत फरशीवर. भिंतीवर तो पांढरा डबा, हिरवा दिवा लावून. आणि रस्त्याकडची खिडकी बंद. एसी चालू असताना उघडायची नाही, म्हणून तुझा मेकॅनिक शिंप्याला बजावून गेला. मला नाही, शिंप्याला.

आता ऐक, म्हणजे वाच. त्या दिवशी अडीच वाजता माझ्या अंगणातल्या पांढऱ्या पेटीतला कोरडा तापमापक ४४.१ दाखवत होता आणि ओला २१.०. (त्या वेळी मी घरी नव्हते हे तू म्हणशील. पेटीतला कमाल तापमान धरून ठेवणारा तापमापक मी आल्यावर पाहिला; ओल्याचं माप साडेचारला घेतलं, आणि एवढ्या कोरड्या हवेत ते दोन तासांत फारसं हलत नाही.) लहानपणी तुला त्या पेटीपाशी उभं करून मी दाखवलं होतं. दोन तापमापक शेजारी शेजारी, एकाच्या टोकाला ओलं मलमलीचं फडकं. फडक्यातलं पाणी उडून जातं तसं ते टोक थंड होतं. हवा जितकी कोरडी तितका दोघांत फरक जास्त. कूलर म्हणजे दुसरं काय, मोठं ओलं फडकं आणि मागे पंखा. तेवीस अंशांचा फरक असताना कूलरमधून सव्वीसची हवा येते. ताजी, बाहेरची, ओलसर. या वाळवंटात देवाने फुकट दिलेली एवढी एक सोय आहे, आणि ती सोडून माणसं खिडक्या बंद करून तीच शिळी हवा पुन्हा पुन्हा गार करत बसतात. काल सकाळी तुझ्या बाबांच्या नाकातून रक्त आलं. हवेत मुळात ओल नाही, उरलीसुरली तुझ्या डब्याने काढून घेतली.

पण मला राग त्याचा नाही. राग रस्त्याकडच्या खिडकीचा आहे. कूलर चालायचा तर ती उघडी लागते, आत ढकललेली हवा जाणार कुठून? आणि त्या खिडकीशी तुझ्या बाबांची खुर्ची असते. छत्तीस वर्षं ज्या माणसाने बसस्थानकावर माइकसमोर बसून सगळ्या गावाला कुठली गाडी कुठे लागली ते सांगितलं, त्याचा आवाज गेला तेव्हा त्याच्याकडे फक्त कान उरले. शिंपी मशीन चालवता चालवता त्यांना ओरडून सांगतो, कुणाचं बिनसलं, कुणाची कंबर वाढली, कोण उसवायला आलं. ते ऐकतात. काल दिवसभर ते त्या बंद काचेकडे बघत बसले होते. शिंपी पलीकडून तोंड हलवत होता, माशासारखा.

प्लायवूड केव्हा निघणार ते लेखी कळव. फोन करू नकोस. फोनवर तू मला मध्येच तोडतेस. कॉन्व्हेंटमध्ये आमच्या सिस्टर सांगायच्या की पत्राचा मोठा फायदा हा की वाचणाऱ्याला मध्ये बोलता येत नाही.

— तुझी आई


१७ मे, दुपारी पाऊण

तुझा फोन आला. मी लेखी म्हटलं होतं.

आणि मग जावईबापूंचा आला. लिफ्ट बसवणारा माणूस मला हवा शिकवत होता. म्हणाले, आई, जग कुठे गेलंय बघा. मी म्हटलं, जग कुठेही जाऊ दे, माझ्या खिडकीतून जायचं कारण नाही. मग त्यांनी तुझ्या हातात फोन दिला आणि तू ते सगळं पुन्हा म्हणालीस. मी एकाहत्तर वर्षांची आहे. रोज पाण्याच्या बारा बादल्या ओतते. गेल्या उन्हाळ्यात पाठ धरली आणि चार दिवस मी आणि बाबा दोघंही आडवे होतो, आणि शिंपी दोघांना भात भरवत होता. (तो एकदाच. आणि भरवला नाही, ताटली दिली.) कूलरच्या टाकीत डास होतात. ओलसर हवेने बाबांच्या पाठीला पुरळ आलं होतं.

हे सगळं खरं आहे. मी नाकारत नाही. नोंद केली.

पण खरं असलं म्हणजे मला न विचारता करायचा परवाना मिळतो का? तू तीनदा फोनवर एसीचं काढलंस, मी तीनदा नको म्हटलं. तिसऱ्या वेळी तू "बरं" म्हणालीस. मला वाटलं, ऐकलंस. तू वाट बघत होतीस.

तेव्हा मी काय केलं ते लिहिते, म्हणजे तुला शिंप्याकडून कळायला नको. रविवारी सकाळी प्लायवूडचे अकराच्या अकरा स्क्रू मी माझ्या हाताने काढले. दोन बोटांना फोड आले, पण असे फोड मी आनंदाने मिरवीन. नळ दुरुस्त करणारा आला, त्याने आणि शिंप्याने कूलर उचलून पुन्हा खिडकीत बसवला. वाळ्याच्या नव्या ताट्या घातल्या. पंप साफ केला. नळाला पाइप जोडून टाकीत तरंगता गोळा बसवून घेतला, आता पाणी आपोआप भरतं. बारा बादल्यांचा प्रश्न मिटला. हे तू सुचवू शकली असतीस. पण तुला प्रश्न मिटवायचा नव्हता, कूलर मिटवायचा होता.

आणि तुझा डबा. त्याचं मुख्य बटण मी बोर्डावर खाली केलंय. रिमोटमधले दोन सेल काढून माझ्या पर्समध्ये ठेवलेत, म्हणजे शिंप्याला परोपकाराची उबळ आली तरी काही करता येऊ नये.

पाणी पहिल्यांदा ताट्यांवरून खाली आलं तेव्हा तुझ्या बाबांनी डोळे मिटले. रस्त्याकडची खिडकी उघडी होती. शिंपी त्यांना सांगत होता की कोपऱ्यावरच्या न्हाव्याने मिशा काढल्या आणि त्याच्या बायकोने दोन तास त्याला घरात घेतलं नाही. तुझे बाबा हसले. तोंडाची एक बाजू हसते, पण हसले. मी त्यांना दोन्ही दाखवले, कूलर आणि डबा. बोट कूलरकडे गेलं.

यावर तुला काय म्हणायचं आहे, ते लिहून पाठव.

— तुझी आई


५ जून, सायंकाळी पाच

काल तू त्यांना इस्पितळातूनच परस्पर गाडीत घातलंस. मी घरी त्यांचे कपडे भरत होते. मला वाटलं, त्यांच्यासाठी भरतेय, संध्याकाळी घरी येताना घालायला. तुझ्यासाठी भरत होते, हे मला तू पिशवी घ्यायला आलीस तेव्हा कळलं.

"आई, उन्हाळा संपेपर्यंत." एवढंच म्हणालीस. दारात उभी राहून. चपलाही काढल्या नाहीस.

गेल्या गुरुवारी जे झालं त्याबद्दल तुला काय वाटतं ते तू बोलली नाहीस, म्हणून मीही फार लिहीत नाही. आदल्या संध्याकाळी धुळीचं वादळ आलं आणि वारा फिरला. त्यांना गरम झालं. त्यांनी काही मागितलं नाही. अडीचच्या सुमाराला ते खुर्चीत कलले. शिंपी धावत आला, त्याने गाडी बोलावली, मी त्यांच्या अंगावर पाणी शिंपडत होते. इस्पितळात सलाइन लावलं, रात्री शुद्धीवर आले. माझ्याकडे बघितलं आणि मान हलवली, नेहमीसारखी. मी काही विचारलंही नव्हतं.

दुसऱ्या दिवशी तू आलीस. दहा तास गाडी चालवून आलेल्या माणसाला मी काही बोलू नये, हे मला कळतं. डॉक्टरांनी विचारलं, घरात काय व्यवस्था होती. तूच त्यांना सांगितलंस की वीज गेली होती. ते त्यांनी कागदावर लिहिलं. वीज गेली, तर तुझा तो डबा काय आणि माझा कूलर काय, दोन्ही सारखेच निरुपयोगी. मग मला सांग, ज्या यंत्राचा काही उपयोग झाला नसता, त्याच्यापायी तू माझं माणूस उचलून नेतेस ते कुठल्या अधिकाराने?

एकोणपन्नास वर्षं मी त्यांच्याबरोबर आहे. त्यांना कुठल्या कुशीवर झोप लागते, चहात किती साखर टाकल्यावर ते तक्रार करत नाहीत, कुठला अंगरखा त्यांना काखेत काचतो, हे तुला कोण सांगणार? तू दारात उभी असताना मी सगळं एका कागदावर खरडून तो पिशवीत टाकला आहे. तो वाच. आणि त्यांना खिडकीशी बसव. तुझ्या घराच्या आठव्या मजल्यावरून त्यांना काय ऐकू येणार आहे, मला ठाऊक नाही. लिफ्टचा आवाज येत असेल.

ते केव्हा परत येतात ती तारीख कळव. तारीख. 'उन्हाळा संपेपर्यंत' ही तारीख नव्हे.

— तुझी आई


११ जून, सकाळी आठ पंचेचाळीस

तू फोटो पाठवलास. बाबा पलंगावर, अंगावर पातळ चादर, मागे एसी, जावईबापू हात हलवतायत. खाली लिहिलंयस, "मस्त मजेत." ते मजेत आहेत हे तुला कुणी सांगितलं? त्यांनी मान हलवली असेल.

आणि ध्वनिसंदेश. मी तो शिंप्याच्या फोनवर ऐकला, माझ्या फोनवर तसलं काही उघडत नाही. तू म्हणतेस, "आई, तू स्वतःला दोष देऊ नकोस." शिंपी खाली मान घालून काजं करत होता. त्याने संदेश संपल्यावर फोन घेतला, पुसला, खिशात ठेवला आणि मला म्हणाला, बाई, चहा घेता का. तो मला कधी चहा विचारत नाही.

मी स्वतःला दोष देतेय असं मी तुला कधी सांगितलं? कुठल्या पत्रात? दाखव. मी तुला जाब विचारतेय, आणि तू मला क्षमा करतेयस. कुणी मागितली होती?

तुझ्या या गोड बोलण्याने माझा इतका संताप झाला की काल मी कूलर बंद केला आणि दुपारभर तशीच बसले. एकट्या बाईला एवढा मोठा कूलर कशाला.

तारीख अजून आलेली नाही.

— आई


१९ जून, सकाळी अकरा

गुरुवार, १ जून. सकाळी साडेआठ: कोरडा ३४.६, ओला २८.४. दुपारी अडीच: कोरडा ४०.२, ओला २९.८. आकाश ढगाळ, वारा दक्षिणेकडून, मंद.

हे माझ्या वहीतून उतरवलं आहे. वही गेले अठरा दिवस मी उघडली नव्हती. म्हणजे रोजचं माप मी कागदाच्या कपट्यांवर लिहीत होते, वहीत चढवत नव्हते. ते पान समोर येऊ नये म्हणून. आज सकाळी चढवायला बसले.

तुला ते आकडे वाचता येतात. मीच शिकवले. सकाळी साडेआठलाच दोघांत फक्त सहा अंशांचा फरक होता. असा दिवस इथे वर्षात चार-पाच वेळा येतो, वारा समुद्राकडून फिरला की. त्या दिवशी कूलर नुसती वाफ आत ढकलतो. घामही वाळत नाही. हे कुणाला कळलं नसेल तरी मला कळलं होतं. सकाळी साडेआठ वाजता, पेटीचं दार उघडून उभी असताना, कळलं होतं. एकतीस वर्षं मी दुसरं काय केलं?

मी तरीही कूलर लावला.

पावणेबाराला तुझ्या बाबांनी उजवा हात उचलला आणि भिंतीकडे बोट दाखवलं. डब्याकडे. मी ओल्या टॉवेलने त्यांचं तोंड पुसलं आणि म्हटलं, थोडं थांबा, वारा फिरेल. साडेबाराला पुन्हा दाखवलं. त्यानंतर शिंपी खिडकीशी आला, म्हणाला, "बाई, आत पार भट्टी झालीय. लावा ना तो डबा." मी म्हटलं, "तुम्ही तुमची काजं करा." सव्वाला त्यांनी तिसऱ्यांदा बोट दाखवलं. या वेळी हात पूर्ण वर गेला नाही.

बोर्ड माझ्या खुर्चीपासून पाच पावलांवर होता. सेल पर्समध्ये होते आणि पर्स माझ्या मांडीवर होती.

मी बटण दाबलं असतं तर तू जिंकली असतीस. एवढंच कारण होतं. दुसरं शोधायला मी अठरा दिवस घालवले, नाही सापडलं.

अडीच वाजता मी माप घ्यायला बाहेर गेले, कारण अडीच वाजता मी माप घेते. परत आले तेव्हा ते कलले होते. डोळे उघडे, अंग तव्यासारखं आणि कोरडं. मग मी धावले. बटण वर केलं, पर्स उलटी केली, सेल हाताला लागले पण आत बसेनात, उलटे जात होते. शेवटी एक पलंगाखाली गेला. रिमोट तसाच गादीवर राहिला आणि गाडी आली.

मी तुला ५ तारखेला लिहिलं, त्यांनी काही मागितलं नाही. ते खोटं आहे. मी लिहिलं, 'वीज गेली, तर'. गेली होती असं लिहिलं नाही, नीट बघ. आमच्या सिस्टर असल्या वाक्याला खोटं म्हणत नसत, खोट्याहून वाईट म्हणत, आणि पट्टी हाताच्या पालथ्या बाजूला बसे.

हे झालं माझं. आता तुझं, कारण हे पत्र कबुलीसाठी नाही, तक्रारीसाठी आहे.

वीज गेली नव्हती. तुला ते माहीत होतं. २ जूनला इस्पितळात येण्याआधी तू कपडे घ्यायला घरी गेली होतीस. किल्ली शिंप्याने दिली. गादीवरचा रिमोट तू पाहिलास, उघडा, सेल नसलेला. कूलर तोपर्यंत चालूच होता, मी बंद करायची विसरले होते. तो तू बंद केलास. वीज गेलेल्या घरात कूलर चालत नसतो. तू दातांची असलीस तरी डॉक्टर आहेस, तुला सगळं एका नजरेत कळलं. आणि अर्ध्या तासाने तू इस्पितळात माझ्या शेजारी उभी राहिलीस, माझ्या खांद्यावर हात ठेवलास, आणि त्या डॉक्टरला सांगितलंस, "वीज गेली होती." माझ्याकडे बघितलंही नाहीस.

मी गप्प राहिले. ते माझं. पण बोललीस तू.

का? मी म्हातारी म्हणून? लोक काय म्हणतील म्हणून? की आईला खोलीत उभं करून जाब विचारण्याइतकीसुद्धा किंमत उरली नाही म्हणून? लहान पोराने पेला फोडला की आपण म्हणतो, वाऱ्याने पडला. तसं केलंस तू माझं. केंद्रात माझ्या हाताखालच्या एका निरीक्षकाने एकदा थंडीत बाहेर न जाता अंदाजाने माप लिहिलं होतं. मी त्याला सगळ्यांसमोर उभं करून त्याच्याच पेनाने ते खोडायला लावलं, आणि खाली त्याची सही घेतली. तो दोन वर्षं माझ्याशी बोलला नाही, पण त्याला कधी वाटलं नाही की मी त्याला मोजतच नाही. आता तिथे एक सरकारी कागद आहे, त्यावर माझ्या घराबद्दल, माझ्या दिवसाबद्दल, माझ्या नवऱ्याबद्दल एक खोटी नोंद आहे, आणि ती माझ्या मुलीने माझी दया येऊन केली आहे. मला तू शिव्या दिल्या असत्यास तर मी झोपले असते.

घराचं सांगते. तुझ्या मेकॅनिकला मी मंगळवारी बोलावलं. त्याला मी चार शब्द सुनावले, मग चहा दिला. त्याने त्या प्लायवूडला बिजागऱ्या लावल्या. आता ते झडपेसारखं कूलरच्या तोंडावर बंद होतं आणि उघडतं. बोर्डाशेजारी मी कागद चिकटवला आहे: ओला तापमापक चोवीसच्या खाली असेल तर कूलर, आणि रस्त्याकडची खिडकी उघडी. चोवीसच्या वर गेला की झडप बंद, खिडकी बंद, एसी. कुणाच्या मताचा प्रश्न येत नाही. माझ्यासुद्धा नाही. शिंप्याला मी तापमापक वाचायला शिकवला आहे. त्याला हे लहानपणापासून येत असल्यासारखं तो आता सगळ्या गिऱ्हाइकांना सांगतो. माझ्या हातून पुन्हा असं झालं तर त्याने मला न विचारता आत यायचं, अशी त्याला लेखी परवानगी दिली आहे.

तुझे बाबा परत यावेत असं मी मागत नाही. मागायचा हक्क मी १ जूनला सव्वा वाजता घालवला. त्यांना त्यांच्या रीतीने विचार. ते तुझ्याकडे राहायचं म्हणाले तर मी तिकडे येऊन त्यांच्या पायांपाशी बसेन, आठव्या मजल्यावर, बंद काचेआड, आणि एक अक्षर तक्रार करणार नाही. म्हणजे करेन, पण जावईबापूंशी.

तुझ्याकडून मला दोन गोष्टी हव्या आहेत. इस्पितळात पत्र पाठवून ती नोंद दुरुस्त करून घे. वीजपुरवठा सुरू होता; घरात एसी होता; पत्नीने तो जाणूनबुजून लावला नाही. हे शब्द जसेच्या तसे, आणि प्रत मला. दुसरं, त्या दिवशी गादीवर तो रिमोट बघून तुला माझ्याबद्दल जे वाटलं, ते मला लिही. मऊ करून नाही. क्षमा मला नको आहे, ती तू त्या ध्वनिसंदेशात न मागता देऊन टाकली आहेस आणि मी ती परत करते आहे. मला तुझा आरोप हवा आहे, शाईने लिहिलेला, खाली तुझी सही असलेला. फोन करशील तर मी उचलणार नाही.

उत्तर बुधवार, २८ जून, सकाळी साडेआठपर्यंत माझ्या हातात पडलं पाहिजे. त्या वेळी मी बाहेर पेटीपाशी असते. टपालवाल्याला मी सांगून ठेवलं आहे, दार वाजवू नकोस, सरळ तिकडे आण.

— तुझी आई
निवृत्त हवामान निरीक्षक